उतारवयातील प्रीती आणि पेन्शनची अट

तारुण्यात जे जुळले नाही ते साठीनंतर जुळू पाहते, अशी उदाहरणे अलीकडे आपल्या आसपास वाढू लागली आहेत. कुणाची पत्नी गेलेली असते, कुणाचा पती. मुले आपापल्या संसारात असतात. जुन्या सहाध्यायांच्या मेळाव्यात, एखाद्या लग्नघरी, रुग्णालयातील बाकावर किंवा हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत लागलेल्या रांगेत चाळीस वर्षांपूर्वीची ओळख अचानक समोर उभी राहते. दोन-चार भेटी होतात, बोलणे वाढते आणि उरलेली वर्षे एकमेकांच्या सोबतीने काढावीत असे दोघांनाही वाटू लागते. अशा बातमीवर आपल्या समाजाच्या दोनच प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. टिंगल करणारा म्हणतो, ‘आता या वयात?’ गहिवरणारा म्हणतो, ‘किती छान!’ तिसरा प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही. या दोघांनी एकत्र राहायचे ठरविले तर छप्पर कोणाचे, खर्च कसा भागणार आणि या निर्णयाची किंमत दोघांपैकी कोण देणार?

हा तिसरा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली अशा माणसाने त्यावर चार शब्द लिहिणे म्हणूनच अनाठायी ठरू नये. महागाई आणि बेकारी यांनी सामान्य माणूस गांजलेला असताना म्हाताऱ्यांच्या प्रेमाला या पानावर जागा कशाला, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. त्यांना माझे उत्तर असे की, ज्या नियमामुळे साठ-पासष्ट वर्षांच्या कष्टकरी स्त्रीला महिन्याचे हजार-दोन हजार रुपये आणि आयुष्याचा सोबती यांपैकी एकाचीच निवड करावी लागते, तो नियम महागाईच्या प्रश्नाइतकाच राजकीय आहे.

प्रीती हरवते कशी?

ज्याला आपण हरवलेले प्रेम म्हणतो ते हरवते कशामुळे, हे प्रथम पाहू. कथा-कादंबऱ्यांत ते गैरसमजामुळे हरवते. एखादे पत्र वेळेवर पोचत नाही, किंवा एखादा दुष्ट मामा आडवा येतो. प्रत्यक्षात आपल्याकडे ते बहुधा जातीमुळे, हुंड्यामुळे, नोकरीच्या अनिश्चितीमुळे आणि राहायला खोली नाही म्हणून हरवते. डॉ. लोहियांनी जात आणि स्त्री-पुरुषभेद यांना भारतीय मनाचे दोन पिंजरे मानले होते. या दोन पिंजऱ्यांच्या गजांमध्ये सापडून किती प्रेमे मेली याची गणना कोणत्याही खानेसुमारीत होत नाही.

एक उदाहरण कल्पून पाहू. ते कुणा एका व्यक्तीचे नाही. परंतु ज्यांनी गिरणगावात काम केले आहे त्यांना ते अनोळखी वाटणार नाही. लालबाग-परळमधील दोन शेजारच्या चाळींत एक मुलगा आणि एक मुलगी राहतात. दोघांच्या जाती वेगळ्या. दोघांचेही वडील गिरणीत, आणि एकेका खोलीत आठ-आठ माणसे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतील अनेकांना गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. मुलीच्या घरच्यांनी तिला गावी नेले आणि जातीतील स्थळ पाहून तिचे हात पिवळे केले. मुलगा काही वर्षे मिळेल ते काम करीत राहिला, पुढे पालिकेत चिकटला. त्याचाही यथाकाल संसार झाला. आज दोघांची पासष्टी आली आहे. तिचा नवरा एका खाजगी कारखान्यात होता, तो वारला. भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या पेन्शन योजनेतून तिला विधवा-पेन्शन मिळते. त्याची पत्नी वारली. त्याला पालिकेचे निवृत्तिवेतन मिळते. गिरणी कामगारांच्या वारसांसाठी असलेल्या घरांच्या चौकशीला दोघेही एकाच खिडकीपुढे येतात आणि एकमेकांना ओळखतात.

येथवरची गोष्ट कोणत्याही दिवाळी अंकात शोभेल. आता तिचा हिशेब मांडू.

हिशेबाची दुसरी बाजू

या दोघांनी विवाह केला तर त्याचे निवृत्तिवेतन एका पैशानेही कमी होत नाही, कारण ते त्याच्या स्वतःच्या नोकरीचे आहे. तिचे पेन्शन मात्र बंद होते. कामगार पेन्शन योजना, १९९५ हिच्या नियमांनुसार मृत कामगाराच्या पत्नीला पेन्शन मिळते ते तिच्या मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर. नियम करणाऱ्यांनी मरण आणि लग्न ही दोन्ही एकाच ओळीत आणि एकाच तराजूत ठेवली आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. या योजनेतील किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये ठरविण्यात आले. रक्कम लहान आहे, पण ती तिच्या नावाने तिच्या खात्यात जमा होते. दुसऱ्या कोणापुढे हात न पसरता औषध आणण्याची, नातवाला खाऊ देण्याची आणि गावी जाऊन येण्याची तेवढीच तिची शक्ती असते.

दारिद्र्यरेषेखालील विधवांची अवस्था याहून वेगळी नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा पेन्शन योजनेत केंद्र सरकार ४० ते ७९ वयाच्या विधवेला महिना ३०० रुपये देते. पुनर्विवाह झाला की तेही बंद. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या कुटुंब निवृत्तिवेतनात सहाव्या वेतन आयोगानंतर एक सवलत आली, परंतु ती अपत्यहीन विधवेपुरती, आणि तिचे अन्य उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तरच. जिला मुले आहेत तिच्या बाबतीत कुटुंब निवृत्तिवेतनाचा तिचा हक्क पुनर्विवाहाबरोबर संपतो.

नियमाच्या भाषेत ही अट विधुरालाही लागू आहे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु आपल्या देशात नोकरी बहुधा पुरुषाने केली आणि घर बहुधा स्त्रीने सांभाळले. त्यामुळे स्वतःचे निवृत्तिवेतन घेणारे बहुतांशी पुरुष आहेत आणि कुटुंब-पेन्शन घेणाऱ्या बहुतांशी स्त्रिया. समान शब्दांत लिहिलेला नियम असमान समाजावर लादला की त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे समाजवाद्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

याच्या उलट बाजूही पाहावी. सरकारी नोकराने निवृत्तीनंतर विवाह केला तर त्याच्या त्या पत्नीला पुढे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. भगवंती यांच्या १९८९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मान्य केला आणि तो योग्यच होता. अर्थात पुरुषाच्या उतारवयातील विवाहाला राज्यसंस्था आपल्या तिजोरीतून आशीर्वाद देते. विधवेच्या उतारवयातील विवाहावर तीच राज्यसंस्था दंड बसविते. आपल्या उदाहरणातील स्त्रीला कोणी म्हणेल, ‘बाई, त्याच्यामागे त्याचे पेन्शन तुला मिळेल की!’ मिळेलही. पण त्यासाठी तिने आधी त्याच्या मरणाची वाट पाहायची आणि तोपर्यंत प्रत्येक रुपयासाठी त्याच्या तोंडाकडे पाहायचे. ज्या सोबतीचा पाया असा परावलंबनाचा, तिला दुसरी संधी म्हणणे धाडसाचे होईल.

१८५६ चे दुसरे कलम

हा नियम आला कोठून? त्याचा वंश शोधू गेल्यास आपण पावणेदोनशे वर्षे मागे जातो. पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या अविश्रांत प्रयत्नांमुळे १८५६ साली हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांत या कायद्याचे पहिले कलम शिकवितात, म्हणजे विधवेचा विवाह कायदेशीर ठरला एवढेच. दुसरे कलम शिकवीत नाहीत. त्या कलमाने असे ठरविले की, पुनर्विवाह करताच मृत पतीच्या मालमत्तेवरील विधवेचे हक्क ती स्वतः जणू मृत झाली आहे अशा रीतीने संपतील. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची ही कला होती.

महाराष्ट्राच्या दृष्टीने यातील विटंबना अधिक आहे. आपल्याकडील बहुसंख्य श्रमिक जातींत पाट किंवा मोहतूर लावण्याची चाल पूर्वापार होती. त्यांना पुनर्विवाहासाठी कोणत्याही कायद्याची परवानगी नको होती. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हक्क गमावण्याचे हे कलम त्या जातींनाही लागू केले. अलाहाबादच्या न्यायालयाने याच प्रश्नावर विधवेला अनुकूल असा निराळा अर्थ लावला होता. म्हणजे उच्चवर्णीयांच्या सुधारणेसाठी केलेल्या कायद्याने आमच्या प्रांतातील कष्टकरी विधवेचा जमिनीवरील हक्क मात्र गेला.

मालमत्तेच्या कायद्यातून ही तरतूद पुढे हळूहळू हटत गेली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत पूर्ण मालकी दिली. एकदा मिळालेला हा वाटा नंतरच्या विवाहामुळे जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येही स्पष्ट केले. १८५६ चा कायदाच १९८३ मध्ये रद्द झाला. मृत मुलाची विधवा आणि तत्सम काही विधवांबाबत पुनर्विवाहाची जी अट उरली होती, ती २००५ च्या दुरुस्तीने गेली. याचा अर्थ असा की, जिच्या नवऱ्याने जमीन किंवा बंगला मागे ठेवला, ती विधवा आज विवाह करून आपला वाटा राखू शकते. जिच्या नवऱ्याने मागे केवळ पेन्शन ठेवले, ती राखू शकत नाही. १८५६ चे दुसरे कलम मालमत्तेच्या कायद्यातून हद्दपार झाले आणि गरिबांच्या पेन्शनच्या नियमांत येऊन राहिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्या समाजसुधारकांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. विष्णुशास्त्री पंडितांपासून धोंडो केशव कर्व्यांपर्यंत ज्यांनी विधवाविवाहाचा पुरस्कार केला त्यांनी बहिष्कार सोसले. कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर जो बहिष्कार टाकला त्याचा त्रास त्यांच्या घरच्यांनाही झाला. पण त्या पिढीपुढे उभी होती ती बालविधवा. तिचे सगळे आयुष्य पुढे पडलेले होते. साठ वर्षांच्या विधवेचा विचार करण्याचे त्यांना कारण नव्हते, कारण त्या काळी साठी गाठणारेच थोडे. स्वातंत्र्याच्या सुमारास आपले सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षांचे होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे, आणि जो साठीला पोचला त्याच्यापुढे सरासरीने आणखी सतरा-अठरा वर्षे असतात. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील लोकसंख्या १० कोटींहून अधिक भरली. त्यांतील स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या विधवा होत्या, तर पुरुषांत विधुरांचे प्रमाण साधारण सातांत एक होते. सतरा वर्षे हा काही मरणाची वाट पाहत बसण्याचा काळ नव्हे. तेवढ्या काळात एक मूल जन्मून महाविद्यालयात जाते.

पेन्शन हे दान आहे काय?

अर्थखात्याचा माणूस येथे एक आक्षेप घेईल. विधवा-पेन्शन हे निराधारपणाचा उपाय म्हणून दिलेले असते; नवा आधार मिळाल्यावर ते चालू का ठेवावे? या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत.

पहिले तत्त्वाचे. डिसेंबर १९८२ मधील नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निवृत्तिवेतन हे मालकाच्या मर्जीने मिळणारे बक्षीस नसून पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे. कामगार पेन्शन योजनेत तर कामगाराच्या वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम मालकाच्या वाट्यातून महिन्यामागून महिना जमा होत असते. ते पैसे कामगाराच्या श्रमाचे आहेत. आणि तो कामगार रोज सकाळी पाळीवर जाऊ शकला तो कुणीतरी पहाटे उठून चूल पेटविली, डबा भरला, मुले आणि सासू-सासरे सांभाळले म्हणून. त्या श्रमाला वेतन नव्हते, हजेरीपट नव्हता. विधवा-पेन्शन हाच तिच्या श्रमाचा उशिरा आणि अपुरा चुकविलेला मोबदला होय. मिळविलेले वेतन दुसऱ्याशी लग्न केले म्हणून कोणी परत मागत नाही.

दुसरे उत्तर अनुभवाचे. राज्यसंस्थेने मनात आणले तर ही अट काढता येते. शौर्यपदकासोबत मिळणारा मासिक भत्ता सैनिकाच्या विधवेला मिळत राहण्यासाठी पूर्वी अशी अट होती की, तिने पुनर्विवाह करू नये, आणि केलाच तर मृत पतीच्या भावाशी करावा. विधवेने कोणाशी लग्न करावे हे सरकारी परिपत्रक ठरवीत होते! संरक्षण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ही अट काढून टाकली आणि भत्ता तिच्या हयातीपर्यंत चालू ठेवला. त्यामुळे तिजोरी रिकामी झाली नाही. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही मृत जोडीदाराच्या खात्यावरील सामाजिक सुरक्षेची रक्कम साठीनंतरच्या पुनर्विवाहाने बंद होत नाही. १९७७ च्या दुरुस्तीने तेथे ही सुधारणा पूर्णत्वास गेली. वीरपत्नीला जे दिले ते गिरणी कामगाराच्या पत्नीला नाकारण्याचे सयुक्तिक कारण मला तरी दिसत नाही.

नियम असाच राहिला तर काय होते, तेही पाहावे. काही जोडपी विवाह न करता एकत्र राहतात आणि पेन्शन वाचवितात. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांना सोबती शोधून देण्याचे काम चालविले. अहमदाबादेत नटुभाई पटेल यांनी २००१ च्या भूकंपानंतर एकट्या पडलेल्यांसाठी परिचयमेळावे भरविण्यास सुरुवात केली आणि २०११ मध्ये विवाहाविना सहजीवन पत्करू इच्छिणाऱ्या ज्येष्ठांचाही मेळावा घेतला. ज्यांना विवाहसंस्थाच नको आहे त्यांनी असे सहजीवन खुशाल निवडावे. तो त्यांचा अधिकार आहे. परंतु ज्यांना विवाह हवा आहे त्यांनी हजार रुपयांसाठी तो टाळावा, शेजाऱ्यांचे टोमणे ऐकावेत आणि जोडीदार आजारी पडल्यास रुग्णालयात ‘आपण कोण?’ या प्रश्नाला अडखळत उत्तर द्यावे, ही निवड स्वेच्छेची म्हणता येणार नाही. एंगेल्सने १८८४ मध्ये कुटुंबसंस्थेवर लिहिताना दाखवून दिले होते की, मालमत्तेचा विचार जोडीदाराच्या निवडीतून बाजूला होईल तेव्हाच विवाहाचे खरे स्वातंत्र्य सर्वांना मिळेल. त्याच्या डोळ्यांपुढे मुख्यतः मालमत्तावानांचे विवाह होते. येथे मालमत्ता नसलेल्यांच्याही विवाहात पेन्शनच्या रूपाने ती शिरली आहे.

मुलांची भीती आणि पुरुषांची अपेक्षा

सगळा दोष सरकारवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. उतारवयातील विवाहाला सर्वांत कडवा विरोध होतो तो पोटच्या मुलांकडून, आणि त्यांत पुरोगामी म्हणविणारी मुलेही असतात. लोकांना तोंड कसे दाखवायचे, हा उघड आक्षेप. घर कोणाला जाणार, ही पोटातील भीती. बासू चटर्जींच्या १९७८ मधील ‘खट्टा मीठा’ या चित्रपटात मुलेबाळे असलेल्या विधुर-विधवेच्या विवाहातून हास्य निर्माण झाले. आपल्या घरांत त्यातून अबोला आणि दावे निर्माण होतात.

या भीतीला तुच्छ लेखू नये. मुंबई-पुण्यात दोन खोल्यांचे घर हीच कष्टकऱ्याची सगळ्या जन्माची कमाई असते. पण तिच्यावर उपाय आहे. जोडीदाराला हयातभर राहण्याचा हक्क आणि त्यानंतर मालकी आपल्या मुलांना, असे मृत्युपत्र साध्या भाषेत करता येते. दोघांनीही ते विवाहापूर्वी करावे आणि मुलांना बोलावून वाचून दाखवावे. मात्र मुलांची मर्जी राखण्यासाठी हयातीतच घर त्यांच्या नावे करून देऊ नये. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळ न केल्यास बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची सोय आहे खरी. परंतु सांभाळाच्या अटीवर ते दिले होते हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. ज्याच्या पायाखाली स्वतःची फरशी नाही त्याला कोणाचा हात धरण्याचेही धैर्य होत नाही.

दुसरी गोष्ट पुरुषांविषयी. उतारवयात सोबत हवी असे म्हणणाऱ्या अनेक पुरुषांच्या मनात सोबतीचा अर्थ गरम पोळी, वेळेवर गोळ्या आणि रात्री पाय चेपणारे कुणी, एवढाच असतो. पगार देऊन परिचारिका ठेवणे परवडत नाही म्हणून बिनपगारी पत्नी आणावी, हा विचार प्रेमाचे नाव घेऊन आला तरी शोषणच. चाळीस वर्षे एका घरात राबलेल्या स्त्रीने पासष्टाव्या वर्षी दुसऱ्या घरात तेच राबणे पुन्हा का सुरू करावे? तिने नकार दिला तर तो भित्रेपणा न मानता शहाणपणा मानावा. आणि जो पुरुष म्हणेल की भाजी मी निवडीन, भांडी मी घाशीन, तुझे पैसे तुझ्याच खात्यात राहतील, त्याचेच प्रेम चाळीस वर्षांत काही शिकले असे समजावे. एकटे राहण्याचा अधिकारही तितकाच मोलाचा आहे. आपली मागणी सर्व वृद्धांची लग्ने लावण्याची नाही. निवड खरोखर मोकळी करण्याची आहे.

करण्यासारखे काही

केरळात त्रिशूर जिल्ह्यातील एका सरकारी वृद्धाश्रमात डिसेंबर २०१९ मध्ये साठी उलटलेल्या दोघांचा विवाह झाला. दोघांची ओळख कित्येक वर्षांपूर्वीची होती. मध्यंतरी ताटातूट झाली आणि पुन्हा भेट झाली ती वृद्धाश्रमात. राज्याचे एक मंत्री या विवाहाला जातीने उपस्थित राहिले. सरकारने त्या दोघांना प्रेम दिले नाही, कोणतेही सरकार ते देऊ शकत नाही. पण छप्पर आणि दोन वेळचे अन्न यांची चिंता त्या आश्रमाने वाहिली होती, म्हणून त्या दोघांना प्रेमाचा विचार करण्यास सवड मिळाली. समाजवादी धोरणाचे याहून साधे स्पष्टीकरण मला सुचत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. कामगार पेन्शन योजनेतील आणि विधवा-पेन्शन योजनेतील पुनर्विवाहाची अट रद्द झाली पाहिजे. वृद्धापकाळाचे पेन्शन वैवाहिक स्थितीवर न ठरता व्यक्तीच्या वयावर ठरले पाहिजे आणि त्यावर माणूस जगू शकला पाहिजे. ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा २००७ साली महिना २०० रुपये होता आणि तो तेवढाच राहिला आहे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. सरकारी व अनुदानित वृद्धाश्रमांत स्त्रिया एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे एवढीच व्यवस्था न ठेवता जोडप्यांसाठीही खोल्या असल्या पाहिजेत. कामगार संघटनांनी किमान पेन्शनवाढीच्या मागणीपत्रात पुनर्विवाहाच्या अटीचे कलम जोडावे. आजवर ते कोणाला सुचले नसेल तर त्याचे कारण बहुधा एवढेच की, मागणीपत्रे लिहिणारे बहुतेक पुरुष असतात.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याला करता येईल असे एक काम आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याला वयाची वरची मर्यादा नाही, जात-धर्माची अट नाही. नोटीस दिल्यावर तीस दिवस ती कचेरीत लावली जाते, आणि याच तीस दिवसांत मुले, भाऊबंद आणि गावकी दडपण आणतात. मुलगा नाराज आहे किंवा लोक हसतात, ही त्या कायद्याखाली हरकत होऊच शकत नाही. पण हे त्या दोन म्हाताऱ्या जीवांना कोणीतरी जवळ बसून सांगावे लागते. मुदत संपल्यावर नोंदणीच्या वेळी तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तरुणपणी या दोघांच्या बाजूने उभे राहायला चाळीत कोणी नव्हते. आता तीन माणसे हवी आहेत. त्यांतील एक सही आपली असावी, एवढे तरी आपल्याला सहज करता येईल.